फोकस लॉक परत मिळण्याबाबत

पुणे, २६ सप्टेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय : वरून चित्रण करणाऱ्या आपल्या ४ के कॅमेऱ्यातून विक्रीनंतर काढून घेतलेली सुविधा

महोदय,

काल संध्याकाळी आपल्या ग्राहक सेवेशी माझे चौथ्यांदा बोलणे झाले आणि ४७ मिनिटांच्या शेवटी मला सल्ला मिळाला की, कॅमेऱ्याखाली हात आणू नका. त्यानंतर पाचवा फोन करण्यात अर्थ उरला नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. आपला कॅमेरा काय करू शकतो हे मी आपल्याला सांगायला नको, आणि १२ सप्टेंबरच्या फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेटने त्यातून काय काढून घेतले हेही आपल्या अभियंत्यांना ठाऊक असणारच. त्या दिवसापर्यंत फोकस, उजेड आणि व्हाइट बॅलन्स (चित्रातल्या रंगांचा तोल) मला स्वतः ठरवून पक्के करता येत होते. आता ‘फोकस लॉक’ सेटिंगमधून नाहीसा झाला आहे, व्हाइट बॅलन्स कॅमेराच ठरवतो आणि ‘ऑटो फ्रेमिंग’, म्हणजे मुख्य विषय शोधून चौकट आपोआप तिकडे नेणे, बंद केले तरी प्रत्येक नव्या कॉलला आपोआप सुरू होते. जुन्या फर्मवेअरवर परत जाण्याची वाटही आपण बंद केली आहे.

हा कॅमेरा मी जूनमध्ये १८,४९९ रुपयांना घेतला तो माझा चेहरा दाखवण्यासाठी नव्हे. २०२०च्या टाळेबंदीपासून मी सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक युद्धखेळांत व्हिडिओ कॉलवरून पंचाचे काम करतो. टेबल माझ्या घरी असते आणि खेळाडू तिघे : धाकटा भाऊ लीड्सला, शाळेपासूनचा मित्र न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि भाचा बंगळुरूला. तिकडे उन्हाळी वेळ चालू असताना आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात तेव्हा लीड्सला दुपारचे दोन आणि एडिसनला सकाळचे नऊ वाजलेले असतात. तेवढीच वेळ सगळ्यांना जमते, तीही महिन्यातल्या एखाद्या रविवारी. ते हुकूम देतात, पलटणी मी हलवतो, टेपने अंतर मी मोजतो आणि फासे सर्वांना दिसतील असे दुसऱ्या कॅमेऱ्याखालच्या तबकात टाकतो. त्या तिघांना रणभूमी दिसते ती केवळ आपल्या कॅमेऱ्यातून.

तो निवडताना मी हिशेब केला होता. माझे टेबल सहा फूट बाय चार फूट आहे, म्हणजे लांबी सुमारे १८३० मिलिमीटर. साध्या १०८० पिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० ठिपके असतात, म्हणजे मिलिमीटरला जेमतेम एक ठिपका. माझे सैनिक १५ मिलिमीटरचे आहेत. वरून पाहताना त्यांच्या फक्त टोप्या दिसतात आणि इतक्या कमी ठिपक्यांत टोपी ओळखू येत नाही. ४ के मध्ये हेच प्रमाण दुप्पट होते, शिवाय टेबलाचा हवा तो चतुर्थांश कापून मोठा करून दाखवता येतो. मात्र फोकस आणि रंग जागचे हलले नाहीत तरच या सगळ्याचा उपयोग. ते हलणार नाहीत, असे आपल्या माहितीपत्रकात छापलेले होते, आणि तीन महिने ते खरोखर हलले नाहीत.

गेल्या रविवारी, २२ सप्टेंबरला, आम्ही असईची लढाई मांडली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या भूमीवर दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांचे सैन्य इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेशी लढले, त्या लढाईच्या स्मरणदिनाच्या आदल्या संध्याकाळचा खेळ म्हणून आम्ही त्याची सहा आठवडे तयारी केली होती. इंग्रजांची ७४वी पलटण आणि तिच्या पुढची पिकेट्स (आघाडीच्या पहाऱ्याच्या तुकड्या) त्या दिवशी उजवीकडे फार वाहवत गेली, असई गावातल्या तोफांच्या तोंडी सापडली आणि कापली गेली. गणवेशाच्या कॉलरला ७४वीचा रंग पांढरा आणि इंग्रजांच्याच ७८व्या पलटणीचा बदामी, पण वरून कॉलर दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक बेसच्या (सैनिक ज्यावर चिकटवतात त्या पट्टीच्या) मागच्या कडेला त्याच रंगाची दोन मिलिमीटर रुंद पट्टी रंगवली होती. खेळाडूंनी पलटण ओळखायची ती त्या पट्टीवरून.

पाचव्या फेरीत एडिसनच्या मित्राने सांगितले, “७४वी गावापासून लांब ठेव, डावीकडे तिरपी चार इंच.” म्हणजे इतिहासातली चूक त्याने ओळखली होती आणि टाळलीही होती. मी टेप घेऊन हात टेबलावर नेला. ऑटो फ्रेमिंगने माझ्या मनगटालाच मुख्य विषय मानून चित्र तिथे ओढले, असई गाव आणि लीड्सच्या भावाच्या सगळ्या तोफा चौकटीबाहेर गेल्या, फोकस टेपवरच्या आकड्यांवर जाऊन बसला आणि हातामुळे व्हाइट बॅलन्स बदलून सगळे टेबल पिवळसर झाले. हात काढल्यावर चौकट आणि फोकस पूर्ववत व्हायला वीस सेकंद लागली, पण पिवळेपणा तसाच राहिला. त्या पिवळ्या चित्रात पांढरी पट्टी भावाला बदामी दिसली, ७४वीला ७८वी समजून त्याने तोफांचा हुकूम दिला, आणि तो हुकूम धरायचा की नाही यावर अर्धा तास गेला. पंच म्हणून मला निर्णय देता आला नाही, कारण त्यांनी नेमके काय पाहिले हे मला माहीत नव्हते. मित्राला दुपारी बाराला कामावर निघायचे होते. खेळ तिथेच थांबला.

आता कालच्या संभाषणाविषयी. पहिल्या प्रतिनिधीने कॅमेरा कशासाठी वापरता असे विचारले आणि मी ते नीट समजावून सांगितले. त्याने मला ‘होल्ड’वर ठेवले असे त्याला वाटले असावे, पण आवाज चालूच होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, “अरे, हे काका सोल्जर-सोल्जर खेळतात, आणि फोकस नाही म्हणून रडतायत.” दोघेही हसले. मी ते ऐकले आहे हे त्याला सांगितल्यावर त्याने माफी मागितली नाही, फोन वरिष्ठांकडे दिला. वरिष्ठांनी कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले, जे मी आधीच्या तीनही वेळा केले होते. नंतर त्यांनी विचारले, “सर, तुम्ही चेहरा का नाही दाखवत?” मी म्हणालो, हा टेबलावरचे दाखवण्यासाठी विकला जाणारा कॅमेरा आहे. त्यावर त्यांचे उत्तर असे : “मग फोकस हलू नये असं वाटत असेल, तर कॅमेऱ्याखाली हात आणू नका.” आपल्या खोक्याच्या झाकणावर एका बाईचा हात कागदावर चित्र काढताना छापलेला आहे. ते झाकण माझ्यासमोर टेबलावर होते.

मी ५८ वर्षांचा आहे. तीनशेहून अधिक सैनिक मी स्वतः रंगवले आहेत, एकेका पलटणीला दोन-दोन आठवडे दिले आहेत. आपल्या माणसाला ते खेळणे वाटले तर वाटो, परंतु मी पैसे मोजले ते खरे होते आणि आपण दिलेली सुविधा काढून घेतली हेही खरे आहे. पुन्हा सांगतो : कॅमेरा बिघडलेला नाही, तो आपण बिघडवला आहे. उद्या हाच प्रसंग फळ्याऐवजी वहीवर गणित शिकवणाऱ्या शिक्षकावर, दुरुस्ती दाखवणाऱ्या घड्याळजीवर, रांगोळी शिकवणाऱ्या बाईवर येईल, कारण त्यांचेही हात कॅमेऱ्याखालीच असतात.

आपल्या कंपनीचा हा माझा तिसरा कॅमेरा. आधीचे दोन मी मित्रांना दाखवून, शिफारस करून विकत घ्यायला लावले होते आणि भाच्याने माझ्या शब्दावरच आपला कॅमेरा घेतला. त्याला मी आता काय सांगू, हे मला कळत नाही.

फोकस लॉक आणि व्हाइट बॅलन्स लॉक परत द्यावेत, बंद केलेले ऑटो फ्रेमिंग बंदच राहावे, आणि हे होईपर्यंत जुने फर्मवेअर उतरवून घेण्याची सोय द्यावी. हे जमणार नसेल तर कॅमेरा परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही, याची मी चौकशी केली आहे. फोनवर उत्तर देऊ नये.

आमचा अर्धवट राहिलेला खेळ १३ ऑक्टोबरला पुन्हा मांडायचा आहे. पाचव्या फेरीतली मांडणी टेबलावर जशीच्या तशी झाकून ठेवली आहे.

आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, खोक्याच्या झाकणाचे छायाचित्र, २२ सप्टेंबरच्या खेळातील त्या वीस सेकंदांचे चित्रण