जैसलमेरच्या आधी उतर

प्रिय मिलिंद,

स.न. वि.वि.

डिसेंबरात वहिनी आणि मुलांना घेऊन जैसलमेरला निघतो आहेस, हे वाचून फार आनंद झाला. फक्त एक ऐक. जोधपूरला रात्रीच्या गाडीत बसून सकाळी थेट जैसलमेरला उतरू नकोस. त्याच मार्गावर ओसियां, फलोदी, पोखरण ही छोटी गावं आहेत आणि थरचं वाळवंट मला कळलं ते तिथेच.

ओसियां जोधपूरपासून साधारण 65 किलोमीटर. प्रतिहारांच्या काळातली, आठव्या शतकापासूनची देवळं गावात आणि गावाबाहेर विखुरलेली आहेत. सच्चियाय मातेच्या पायऱ्या चढताना वरच्या कोरीव कमानींकडे नीट बघ. अर्धा दिवस पुरतो.

फलोदीत मात्र मुक्काम करच. 19 मे 2016 रोजी इथे 51 अंश तापमान नोंदलं गेलं, तो देशातला विक्रम आहे. थंडीत हेच गाव सुखाचं असतं, पहाटे तर शाल लागते. पण खरं कारण म्हणजे पलीकडचं खिचन हे गाव. मंगोलिया, मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे कांड्या करकोचे सप्टेंबर ते मार्च तिथे मुक्कामाला असतात. गावकरी त्यांना ‘कुरजां’ म्हणतात. जैन मंडळींनी पिढ्यानपिढ्या पक्ष्यांना दाणे घालण्याची रीत जपली आहे. त्यासाठी गावालगत कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे, आत ज्वारी पसरून ठेवतात. उजाडल्यावर थवे आधी वरच घिरट्या घालतात, कुत्रं-माणूस दिसलं की पुन्हा वर जातात. मग एकदा धीर आला की उतरतच राहतात आणि आवाज इतका वाढतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. जवळच्या गच्चीवरून बघ: राखाडी अंग, काळी मान, लाल डोळा आणि त्यामागे पांढरा तुरा. पोट भरल्यावर ते तळ्याकडे जातात. 2025 मध्ये खिचनला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तेव्हा मला घरच्या कुणाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. तांबड्या दगडाच्या जुन्या हवेल्याही आहेत तिथे. बऱ्याचशा कुलूपबंद असल्या तरी कोरीव दगडी जाळ्या बाहेरूनही बघण्यासारख्या आहेत.

पोखरण म्हटलं की आपल्याला 1974 आणि 1998 च्या अणुचाचण्या आठवतात. ती जागा गावापासून दूर आहे, तिथे जाता येत नाही. तू लाल दगडाचा किल्ला बघ आणि कुंभारांच्या वस्तीत जा. तिथल्या मातीकामाला भौगोलिक मानांकन आहे. चाकावरून उतरलेलं भांडं हातात घेऊ देतात, मुलं हरखून जातील. आणि पोखरणचं चमचम, ही तिथली मिठाई, खाल्ल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. वाटेत रामदेवरा लागतं. तिथल्या लोकदैवत रामदेव पीरांच्या समाधीला हिंदू-मुसलमान दोघंही येतात, वेळ असेल तर उतरा.

जेवायला कैर-सांगरी (वाळवंटातली फळं आणि शेंगांची भाजी) आणि बाजरीची भाकरी माग. दुर्बीण नसेल तर माझी घेऊन जा, खिचनला लागेलच. तारखा पक्क्या झाल्या की कळव, फलोदीतला मुक्काम मी बघतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश