चेन स्नॅचिंग 'शून्य' आणि माझं 'गहाळ' मंगळसूत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या दाराखालून एक रंगीत पत्रक आत सरकलं. महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून एक निवृत्त पोलीस अधिकारी उभे आहेत. फोटो वर्दीतलाच आहे, छातीवर फिती, खाली घोषणा: 'ठाणं सांभाळलं, आता प्रभाग सांभाळू'. मागच्या बाजूला त्यांनी सीनियर पीआय, म्हणजे पोलीस ठाण्याचे प्रमुख, असताना केलेल्या कामाचा तक्ता आहे. तिसरी ओळ अशी: 'चेन स्नॅचिंग, २०१५-१६: शून्य.'

ती ओळ वाचल्यावर मी पत्रक घेऊन आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून एक जुना कागद काढला. पत्र लिहायचं कारण तो कागद.

मी महापालिकेच्या रुग्णालयात तेहतीस वर्षं नर्स होते, शेवटची सात वर्षं सिस्टर इन्चार्ज. २०१५ सालची हरतालिका. नाइट ड्यूटी करून सकाळी स्टेशनवर उतरले आणि केवडा, पत्री घ्यायला बाजारात वळले. मागून मोटरसायकल आली. आवाज ऐकला, पण मुंबईत मोटरसायकलच्या आवाजाला कोण मान वळवतं? एकदम गळ्याला काच बसला. मी एक पाऊल मागे ओढली गेले, मग सुटले. गाडीवर दोघं होते, मागच्याने हेल्मेट घातलेलं. पत्री विकणाऱ्या मावशींनी रस्त्यावर विखुरलेले काळे मणी वेचले आणि केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिले. एक वाटी ब्लाउजमध्ये अडकून राहिली होती. दुसरी वाटी आणि अडीच तोळ्यांची साखळी गेली. डाव्या कानामागून हनुवटीखालपर्यंत लाल वळ उठला होता. त्याला घरी मीच आरशात बघून बीटाडीन लावलं.

ठाण्यात ठाणे अंमलदार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, ओढलं हे नक्की का? की हुक तुटून पडलं?" मी मान दाखवली. ते म्हणाले, "हो, दिसतंय." आणि लिहायला घेतलं. कागद माझ्यासमोर आला तेव्हा त्यावरची ओळ अशी होती: 'अर्जदार ह्या बाजारात खरेदी करीत असताना त्यांचे गळ्यातील सोन्याचे मंगळसूत्र कोठेतरी पडून गहाळ झाले.'

मी सही करायला नकार दिला आणि मोठ्या साहेबांना भेटायचं म्हटलं. तेच हे उमेदवार. अतिशय सभ्यपणे बोलले, चहा मागवला. म्हणाले, "सिस्टर, गुन्हा दाखल केला तर ओळख परेडला तुम्ही, कोर्टाच्या तारखांना तुम्ही. हेल्मेटमधला माणूस ओळखणार आहात का? दाखला घेऊन जा, माल सापडला तर फोन करतो." मी रात्रभर जागी, पोटात पाणीसुद्धा नाही, घरी पूजेची तयारी बाकी. सही केली. अपघात-मारामारीच्या शेकड्यांनी एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठी रुग्णालयात होणाऱ्या जखमांच्या नोंदी, मी कॅज्युअल्टीत असताना पाहिल्या, रुग्णांना सांगितलं की आधी नोंद करा, मग घरी जा. स्वतःची जखम मात्र कुठेच नोंदवली नाही. ती चूक माझी आहे आणि ती मी साहेबांच्या माथी मारत नाही.

फोन कधी आला नाही.

पुढे ओपीडीतल्या एका मेडिकल ऑफिसरनी मला सांगितलं की १२ नोव्हेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात निकाल दिलाय: दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे. आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा थोड्याच प्रकारांत आहे, त्यात वैद्यकीय हलगर्जीपणाच्या तक्रारी येतात. म्हणून तर डॉक्टर मंडळींना हा निकाल पाठ! गळ्यातलं हिसकावून नेणं त्या मुभेत कुठेच बसत नाही. म्हणजे मी ठाण्याच्या पायऱ्या चढले तेव्हा तो निकाल येऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

नंतर बोलता बोलता कळलं की अशा बाया आणखी आहेत. आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंची बोरमाळ त्याच वर्षी गेली, त्यांच्याकडेही तोच 'गहाळ'चा कागद. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका आयाबाईंना तर कागदही मिळाला नाही, 'बघतो' एवढंच ऐकून त्या परत आल्या. दोन-तीन बायकांवरून अख्ख्या ठाण्याचा हिशेब मांडता येत नाही, हे मला कळतं. पण शून्य हा आकडा फार नाजूक असतो. तो खोटा ठरायला एकच बाई पुरते.

आकडे कसे तयार होतात ते मी आयुष्यभर जवळून पाहिलं आहे. एका वॉर्डाचा चार्ज घेतला तेव्हा बेडसोअरच्या रजिस्टरमध्ये सहा महिने 'निरंक' होतं. पहिल्याच सकाळी मी आणि दोन स्टुडंट नर्सनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना कुशीवर वळवून पाहिलं. चौघांच्या माकडहाडावर जखमा निघाल्या, एक तर हाडापर्यंत गेलेली. आधीच्या सिस्टर वाईट बाई नव्हत्या. त्यांना मीटिंगमध्ये बोलणी खायची नव्हती, एवढंच. पोलिसांच्या क्राइम मीटिंगचंही तसंच असावं. गुन्हे वाढलेले दिसले की सीनियर पीआयला उभं करून जाब विचारतात, मग खालचा अंमलदार 'चोरी' लिहील की 'गहाळ'? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात स्वतःच बजावतो की गुन्ह्यांची नोंद वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं असं समजू नका. पत्रक छापणाऱ्यांनी तेवढं तरी वाचायला हवं होतं.

साहेबांचं सगळंच वाईट नव्हतं, हेही लिहिते. मुलींच्या शाळेसमोर मोटरसायकली लावून बसणारी टोळकी त्यांच्याच काळात हटली. गणपतीच्या मंडपांवरून दोन मंडळं हातघाईवर आली होती, तेव्हा ते रात्री एकला स्वतः उभे राहिले. पत्रकात ते लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. पण मतं मागितली आहेत ती शून्यावर.

उमेदवाराचं शपथपत्र मी मुलाकडून मोबाइलवर उघडून घेऊन वाचलं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून हा माहितीचा हक्क आपल्याला मिळाला: गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण. साहेबांवर एकही गुन्हा नाही. फ्लॅट, गावची जमीन, बायकोचे दागिने ग्रॅमसकट. (हे वाचताना हसू आलं, त्यांच्या घरचं सोनं जागेवर आहे.) पण नोकरीत विभागीय चौकशी झाली का, वेतनवाढ रोखली का, सक्त ताकीद मिळाली का, हे विचारणारा रकाना मला त्यात सापडला नाही. साध्या नोकरदाराचं एक वेळ सोडा. जो माणूस मतच वर्दीवर मागतोय, त्याच्या बाबतीत हाच रकाना सगळ्यात आधी हवा.

दिवाळीत त्यांचे बॅनर लागले तेव्हाच मी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला होता. दोन गोष्टी विचारल्या: त्यांच्यावर झालेली विभागीय कारवाई, आणि त्या वर्षी ठाण्यात सोन्याचे दागिने 'गहाळ' झाल्याच्या नोंदी किती. पहिल्याला उत्तर आलं, वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ). त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या देशपांडे निकालाचा आधार आहे, कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो आणि शिक्षा ही त्याची खासगी बाब धरली जाते. व्यापक जनहित असेल तर देता येते, पण ते माझ्या अर्जात माहिती अधिकाऱ्यांना दिसलं नाही. दुसऱ्याला उत्तर: 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' म्हणजे स्नॅचिंग शून्य होतं हे पत्रकात छापण्याइतकं पक्कं ठाऊक, आणि गहाळ किती हे कुणी मोजलेलंच नाही.

कायद्याने मला त्यांचं सेवापुस्तक बघता येत नाही. पण त्यांनी ते स्वतः दाखवायला कुणाची हरकत आहे? पत्रकाला आणखी एक पान जोडावं, झालं.

माझा पुतण्या टेक्ससमध्ये असतो. तिथे जिल्ह्याचा शेरीफ, म्हणजे पोलिसांचा मुख्यच म्हणा ना, दर चार वर्षांनी लोक निवडून देतात. तुरुंगही त्याच्याच ताब्यात. कोठडीत कुणी दगावलं तर त्याचा अहवाल राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे पाठवावा लागतो, आणि मग निवडणुकीच्या सभेत लोक उभे राहून त्यावर विचारतात. पुतण्याला वाटतं आपल्याकडेही तसं असावं. मला नाही वाटत, निवडणुकीच्या खर्चासाठी ठाणेदार कुणाच्या दारात उभा राहील या विचारानेच घाबरायला होतं. शेरीफ आपल्या मुंबईलाही असतो बरं का, नगरपाल म्हणतात त्याला. ते एका वर्षाचं मानाचं पद, सरकार नेमतं, सुनील गावसकरही होते. मंगळसूत्राशी त्याचा संबंध नाही. पण सभेत उभं राहून विचारायची ती रीत मात्र आपण घ्यायला काय हरकत आहे?

आणि जाता जाता, नगरसेवकाच्या हातात पोलीस नसतात. मुंबई पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. नगरसेवकाने गटार, पाणी, फुटपाथ, दवाखाना बघायचा. मागची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ला झाली, मार्च २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत पालिकेवर प्रशासक. आमच्या गल्लीचा फुटपाथ तेवढ्या काळात दोनदा उखडला. त्यावर पत्रकात एक ओळ नाही.

परवा संध्याकाळी ते प्रचाराला आमच्या मजल्यावर आले. हात जोडले, मला ओळखलं नाही, दहा वर्षांत मीही पिकलेय. मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट," आणि तो कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला नव्हता, हात लांब करून वाचला. शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे आमच्याच ठाण्याचं." मग पुन्हा वाचला. मी विचारलं, "तुमच्या शून्यात हे कुठे बसतं?" ते काहीतरी बोलणार होते, तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मागचा कार्यकर्ता म्हणाला, "चला साहेब, अजून दोन विंगा बाकी आहेत."

मतदान १५ जानेवारी २०२६ला आहे. उत्तर तोवर दिलं तरी चालेल, मी संध्याकाळी घरीच असते.

माझं नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. मला भीती नाही, पण मुलाला वाटते. 'गहाळ'च्या दाखल्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

एक निवृत्त परिचारिका,
पूर्व उपनगर, मुंबई