आठव्या तपासणीचं ग्रीस

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलं, विमानाचे नियम एवढे कडक, तर मग मोडतं कोण? बरेचदा कोणीच मोडत नाही. आकडा सरकत जातो.

अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान ३१ जानेवारी २००० ला समुद्रात पडलं, ८८ माणसं गेली. शेपटीचा आडवा पंख हलवायला त्यात लांब आट्यांचा स्क्रू असतो, जॅकसारखा. स्क्रू पोलादी, नट मऊ धातूचा. ग्रीस नसलं की नटाचे आटे झिजतात. इथं तेच झालं.

१९८७ मध्ये दर ५०० तासांच्या उड्डाणाला ग्रीस होतं. १९८८ मध्ये ते ‘दर आठव्या ए-तपासणीला’ झालं. ए-तपासणी म्हणजे ठरावीक तासांनी होणारी नेहमीची छोटी तपासणी, तेव्हा दर १२५ तासांनी; आठ म्हणजे १००० तास. खरी गंमत पुढे आहे. कागदावर शब्द तेच राहिले, पण ए-तपासणीच १२५ तासांवरून १५०, मग २०० वर गेली. ग्रीस आपसूक १२०० आणि १६०० तासांवर! १९९६ मध्ये तासच काढले, ‘दर ८ महिन्यांनी’ आलं. त्यात सुमारे २५५० तास भरतात. मागच्या आकड्याशी ताडलं तर कुठलीच वाढ दुपटीहून जास्त नाही. ५०० शी ताडा, पाचपट.

१९९७ मध्ये त्याच विमानाच्या नटाची झीज मोजली. मर्यादा ०.०४० इंच, जेमतेम एक मिलिमीटर. नेमकी तेवढीच भरली. पुढच्या पाळीत पुन्हा मोजली, ०.०३३ आली, विमान मोकळं. दोन मापांत एवढा फरक पडला तर मोजायच्या पद्धतीवरच संशय घ्यायला हवा, असं मला वाटतं.

आपल्या बंडीचा आस कोरडा पडला की कुईकुई करून गाव जागवतो. हा स्क्रू शेपटीच्या आत, ओरडला तरी ऐकणार कोण? हात जेमतेम शिरेल अशा झडपेतून ग्रीस भरायचं. अपघातानंतर स्क्रूच्या कामाच्या आट्यांवर ग्रीस सापडलंच नाही.

वेळापत्रक कंपनीचं, सरकारी खात्याची मंजुरी. विमान उभं राहिलं तर तोटा ज्याचा, तपासणाराही त्याचाच. ब्रिटिश हवाई दलात तर तेव्हा चालवणारे आणि पास करणारे एकाच घरचे होते. त्यांचं निमरॉड हे टेहळणी विमान २००६ मध्ये अफगाणिस्तानात जळालं, १४ गेले. सुरक्षिततेची कागदपत्रं ‘तीस वर्षं उडतंय, म्हणजे ठीकच’ हे धरूनच लिहिली होती. २०१० मध्ये तपासणीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं.

आई, गॅसच्या नळीवर छापलेली तारीख बघून सांग. पाच वर्षं झाली असली तर बदल, चांगली दिसत असली तरी.

तुमची,
माई