इंडिकेटर दिला की मागचा स्पीड का वाढवतो?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेली सहा वर्षं मी महिन्यातून दोनदा तरी डोंबिवलीहून चिंचवडला स्वतः गाडी चालवत जाते, आई तिकडे असते म्हणून. शिळफाट्याचं ट्रॅफिक एकदा पार केलं आणि कळंबोलीला एक्सप्रेसवेला लागलं की हुश्श वाटायला पाहिजे, पण हल्ली उलटंच होतं, खरं टेन्शन तिथेच सुरू होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. शनिवार सकाळ, घाट चढून वर आले होते, लोणावळ्याचा एक्झिट जवळ आलेला. मी मधल्या लेनला, डाव्या बाजूला पाण्याचे जार भरलेला टेम्पो, आणि उजव्या लेनमधून एक पांढरी मोठी गाडी माझ्या थोडी पुढे गेली. त्याला बहुतेक मॅपवाल्या बाईने शेवटच्या क्षणी सांगितलं असणार की लोणावळा इकडे, कारण तो उजवीकडून जो सुटला तो मधली लेन, डावी लेन असं सगळं तिरकं कापत थेट एक्झिटला. मी ब्रेक दाबला, टेम्पोवाल्याने दाबला, त्याचे जार पुढे आपटल्याचा आवाज मला बंद काचेतून ऐकू आला. माझ्या मागच्या सीटवर आईसाठी नेत असलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी खाली पडून फुटली, गाडीला अजून वास येतोय, दोनदा धुऊन झाली तरी. आणि गंमत म्हणजे त्या माणसाने इंडिकेटर दिला होता! फक्त कधी, तर अर्धी गाडी माझ्यासमोर आल्यावर. म्हणजे त्याला विचारलं तर तो छातीवर हात ठेवून सांगणार की मी इंडिकेटर दिला होता, आणि ते खोटंही नसणार.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. आपण इंडिकेटर देतच नाही असं नाही, आपण तो वळता वळता देतो. आधी स्टिअरिंग फिरतं मग बोट दांडीवर जातं. घरात घुसल्यावर बेल वाजवण्यासारखं झालं हे. एक्सप्रेसवेला सपाटीवर कारला १०० ची लिमिट आहे, त्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, समृद्धीवर १२० ला तर ३३ मीटर. मागच्याला तुमचा दिवा दिसणार, त्याच्या डोक्यात शिरणार, त्याचा पाय ब्रेककडे जाणार, यात दोन सेकंद सहज जातात, तोवर तो ५५ मीटर पुढे आलेला असतो. त्यामुळे निदान तीन सेकंद तरी आधी दिवा चालू पाहिजे, मग आरसा, मग मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा, आणि मग लेन. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत दांडीला नुसती टिचकी मारली की तीन वेळा टिकटिक होऊन आपोआप बंद होतं, ती सोय चांगली आहे पण त्या तीन टिकटिकी दोन सेकंदांतच संपतात, म्हणजे तुम्ही लेन बदलायला सुरुवात करेपर्यंत दिवा विझलेला. दांडी पूर्ण दाबून ठेवावी, लेन बदलून झाली की हाताने बंद करावी. हे हाताने बंद करणंही लोक विसरतात, कारण चौकात वळल्यावर स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप सुटतो, लेन बदलताना स्टिअरिंग तेवढं फिरतच नाही. मग खालापूरपासून खोपोलीपर्यंत एखाद्याचा उजवा दिवा लुकलुकतोय आणि भाऊ मस्त गाणी ऐकत सरळ चाललाय. अशी चार माणसं बघितली की पाचवा खरंच येतोय यावर कोण विश्वास ठेवणार?

आता दुसरी बाजू, आणि ही लिहिल्याशिवाय पत्र पूर्ण होणार नाही. लोक इंडिकेटर का देत नाहीत हे मी स्वतः अनुभवलंय. घाटात मधल्या लेनला एक ट्रक जेमतेम ३० ने चढत होता (त्याने डावीकडे असायला हवं होतं पण डावीकडे दुसरा ट्रक २५ ने चढत होता, घाटात हे कायमचंच). मी उजवीकडे जायला इंडिकेटर दिला, शहाण्यासारखा, आरशात बघून, मागची गाडी बऱ्यापैकी लांब होती. तिने माझा दिवा बघितला आणि स्पीड वाढवला. तिच्या मागच्याने पण. घाटात ६० ची लिमिट असताना एकामागून एक सात गाड्या मोजल्या मी, प्रत्येक जण डिपर मारत गेला, जसं काही मी त्यांच्या अंगणात पाय ठेवत होते. शेवटी एका लक्झरी बसवाल्याने एकदा डिपर दिला आणि स्पीड कमी केला. आणि आपल्याकडे डिपरचे अर्थ दोन, 'या' असाही आणि 'खबरदार' असाही, त्यामुळे मी अजून तीन सेकंद बघत बसले की नक्की काय म्हणतोय हा. गेले शेवटी, हात बाहेर काढून थँक्यू केलं, त्याला दिसलं की नाही माहीत नाही.

अशा रस्त्यावर नवा माणूस काय शिकतो? की दिवा द्यायचा नाही, फट दिसली की घुसायचं, आधी सांगितलं तर फट बंद होते. मी पण हे केलंय, खोटं कशाला सांगू, उशीर झाला होता आणि आईचा फोन सारखा वाजत होता तेव्हा दोन-तीनदा तशीच घुसले. त्यामुळे त्या पांढऱ्या गाडीवाल्याला जेवढा दोष तेवढाच, माझ्या मते थोडा जास्तच, दिवा बघून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला. पुढच्याने विचारलंय, दोन सेकंद पाय सैल सोडा, पुण्याला दोन सेकंद उशिरा पोचल्याने कुणाचं लग्न मोडत नाही.

अजून एक, बोगद्यात शिरलं की चारही दिवे लुकलुकवणारे. माडपच्या, कामशेतच्या, कुठल्याही बोगद्यात बघा, आणि पावसात तर विचारूच नका. लोकांना वाटतं सेफ्टी. ते पार्किंग लाइट चालू असताना डावा-उजवा कळायचा मार्गच राहत नाही, तुम्ही लेन बदलणार की सरळ जाणार हे मागच्याने काय पत्रिका बघून ओळखायचं? बोगद्यात हेडलाइट लावा, बास, चार दिवे हे गाडी बंद पडली किंवा अचानक थांबावं लागलं तर.

ट्रकवाल्यांना मात्र मी सरसकट नावं ठेवणार नाही. त्यांची भाषा जुन्या दुपदरी रस्त्यावर तयार झालेली आहे, तिथे पुढचा रस्ता मोकळा असला की ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन साइड द्यायचा, 'जा पुढे'. काही जण त्यासाठी डावा द्यायचे. क्लीनर खिडकीतून हात हलवायचा तो वेगळाच. तीच सवय घेऊन माणूस सहा पदरी रस्त्यावर आला की उजव्या दिव्याचा अर्थ 'मी उजवीकडे येतोय' की 'तू उजवीकडून जा', हे मागच्या कारवाल्याने पैज लावून ठरवायचं. माझे सासरे सांगतात त्यांच्या वेळी हे सगळ्यांना बरोबर कळायचं. कळत असेल, तेव्हा गाड्या किती होत्या आणि स्पीड किती होता!

मोटार वाहन कायद्यात कलम १२१ आहेच की ड्रायव्हरने ठरवून दिलेले सिग्नल दिलेच पाहिजेत. कॅमेरेही २०२४ पासून एक्सप्रेसवेवर आहेत, स्पीडची चलनं माझ्या ओळखीत निम्म्या लोकांना आलीत, लेन कटिंगचीही येतात. पण इंडिकेटर दिला, तीन सेकंद आधी दिला का, हे शेवटी शिकवायलाच लागणार, आणि शिकवतं कोण? मी क्लास लावला होता तेव्हा सरांनी पार्किंग शिकवलं, चढावर हाफ क्लच शिकवला, टेस्टला आठचा आकडा काढून घेतला, हायवेवर एकदाही नेलं नाही. लायसन मिळाल्यावर पहिल्यांदा एक्सप्रेसवेला गेले ती थेट एकटी. म्हणून आपल्या पेपरमधून एक विनंती मांडाल का, की ड्रायव्हिंग स्कूलच्या फीमध्ये एक सकाळ हायवेची धरायची, सरांना बाजूला बसवून, दहा वेळा लेन बदलून दाखवायची, मगच टेस्टला पाठवायचं. आणि लोणावळा, खोपोलीसारख्या एक्झिटच्या दोन किलोमीटर आधीपासून रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत लिहावं की 'लोणावळ्याला जाणाऱ्यांनी आत्ताच डावीकडे या'. बोर्ड आहेत, पण बोर्ड ट्रकच्या मागे लपतात.

माझा भाचा सध्या लर्निंग लायसनवर आहे, त्याला मी दर फेरीला बाजूला बसवते. नियम असा की मी उशिरा इंडिकेटर दिला किंवा विसरले तर त्याला दहा रुपये. आत्तापर्यंत ७० रुपये काढलेत त्याने माझ्याकडून, त्यातले ४० एकट्या घाटातले.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)