किल्ला नव्हे, वाडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला आयर्लंडच्या प्रवासावरचा लेख वाचला. त्यात 'रिंगफोर्ट'ला 'वर्तुळाकार किल्ले' म्हटले आहे आणि वर 'आता पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही' असा शेराही मारला आहे. भूमी अभिलेख खात्यात मी चौतीस वर्षे मोजणी केली. सध्या मुक्काम लेकीकडे, कॉर्कजवळ. तिच्या घरामागच्या शेतातच असा एक 'किल्ला' आहे, म्हणून हे पत्र.

बुरूज नाही, दिंडी दरवाजा नाही. कमरेइतका मातीचा गोल बांध, त्यावर काटेरी झुडपे, बाहेर बुजत आलेला चर. आत या कडेपासून त्या कडेपर्यंत माझी चाळीस पावले भरली. साधारण सहाव्या ते दहाव्या शतकातल्या कुणा शेतकऱ्याचे हे घर-अंगण. तेव्हा तिथे माणसाची पत दुभत्या गाईंवर ठरायची आणि दुसऱ्याच्या गाई पळवणे हा राजघराण्यातल्या पोरांचा ठरलेला उद्योग. बांध त्यासाठी. बेटावर अशा सुमारे 45,000 जागांची नोंद आहे. राथमाइन्स, लिसमोर या तिथल्या ठिकाणांच्या नावांतले 'राथ' आणि 'लिस' म्हणजे हेच.

हजार वर्षे ते राखले भीतीने. लोकसमजूत अशी की आत 'ती मंडळी', म्हणजे पऱ्या, राहतात. बांधाला फावडे लावले तर गुरे दगावतात, घरात कुणीतरी अंथरूण धरते. शेजारच्या शेतकऱ्याला विचारले तर नुसता हसला. पण त्याच्या नांगराचे तास गोलाला वळसा घालून गेलेले मी पाहिलेत.

पुढे भीती ओसरली, मोठी यंत्रे आली आणि पुष्कळ गोल सपाट झाले. त्यातले कित्येक आज फक्त एकोणिसाव्या शतकातल्या, मैलाला सहा इंच मापाच्या मोजणी-नकाशांवर दिसतात. (आमच्याच धंद्यातली माणसे!) 1994च्या कायदा-दुरुस्तीने नोंदीतल्या जागेवर काम काढण्याआधी दोन महिने लेखी कळवणे बंधनकारक केले. केरी काउंटीत असा गोल उद्ध्वस्त करणाऱ्या एका शेतकऱ्याला 2012 मध्ये 25,000 युरो दंड झाला. सरकारी नकाशावर प्रत्येक नोंदीला लाल टिंब आहे, कुणीही घरबसल्या पाहावे.

आमच्या मागच्या बांधाला मात्र खरा त्रास गाईंचाच. पाऊस लागला की आडोशाला येऊन उभ्या राहतात आणि खुरांनी माती ढासळते. त्यांना नोटीस कुणी बजावायची?

'किल्ला' वाचून इथे येणारा तटबंदी शोधत फिरेल आणि बांधावर पाय देऊन पुढे जाईल. आपल्याकडे 'वाडा' माणसांचाही असतो आणि मेंढरांचाही. पुढच्या वेळी तोच शब्द छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूमापक
कराड (सध्या कॉर्क)