आखाजीच्या फुगडीत पोरी मागे का सरतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरात लसीकरण, हिमोग्लोबिन, बाळंतपण यावर येत असतं पण या एका गोष्टीवर माझ्या तरी वाचण्यात काही आलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले, भाषेचं सांभाळून घ्या. मी अमळनेर तालुक्यात ब्लाऊज शिवते, वीसेक वर्षं झाली. माप देताना बायका जे बोलून जातात ते आईलासुद्धा सांगत नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे माहेरवाशिणी येतात, झोके, गौराईची गाणी, फुगड्या, नुसता दंगा असतो. पण एक-दोन लेकरं झालेल्या पोरी फुगडीला उभ्याच राहत नाहीत, वय बघावं तर अठ्ठावीस-तीस. पाय दुखतो म्हणतात. यंदा एकीने माप देता देता हळूच सांगितलं, काकू पाय कसला, उडी मारली की लघवी होते. मला हसूच फुटलं, कारण ते पाय दुखायचं नाटक मी स्वतः सात वर्षं केलंय.

शिंकलं की थोडी, खोकलं की थोडी, हंडा उचलला की जरा जास्तच. धुळ्याला एसटीने जायचं तर सकाळपासून पाणी बंद, आणि पाणी कमी केलं की लघवी अजून कडक होऊन जास्तच घाई लागते हे तेव्हा कुठं माहीत. एका डॉक्टरांना सांगितलं तर म्हणे बाळंतपणानंतर होतंच, फारच त्रास असेल तर गर्भपिशवी काढून टाकू. आणि मी तयार पण झाले होते हो! पिशवी काढणं हा लघवी गळण्याचा इलाजच नाही हे नंतर कळलं. एक टीप उसवली म्हणून मी गिऱ्हाईकाचं आख्खं ब्लाऊज कापून टाकते का?

बहीण सुरतला उधन्याला राहते, तिने ओढून एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. मला वाटलं फिजिओ म्हणजे कंबर नाहीतर गुडघा. त्यांनी समजावलं की ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भपिशवी, गुदाशय सगळं पेललेलं असतं, बाळंतपणात ती ताणली जाते आणि नंतर जुना खोकला, बद्धकोष्ठ, जड ओझी यांनी अजून सैल पडते. कापूस वेचून पाठीवर गाठोडं घेऊन बांधावर येणाऱ्या बायका माझ्या डोळ्यासमोर आल्या.

व्हिडिओ बघून व्यायाम करतेच की मी, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी आधी विचारून, मी हो म्हटल्यावरच आतून तपासलं, लाज वाटली, खोटं कशाला बोलू. आणि निघालं काय तर मी आवळायच्या ऐवजी श्वास कोंडून खाली जोर देत होते, म्हणजे सहा महिने उलटाच धंदा! वारा अडवतो तसं आतून वर ओढायचं, पोट नि कुल्ले ढिले, श्वास चालू. आठ वेळा, दिवसातून तीनदा, कमीत कमी तीन महिने. शिंक येतेय वाटलं की आधी आवळायचं मग शिंकायचं, ही तर एवढीशी युक्ती पण मला सगळ्यात कामाची वाटली. तीन दिवस लघवीची वही ठेवायला लावली, कधी काय प्यायलं नि कधी लघवी झाली ते लिहायचं, त्यात माझे सहा कप चहा उघडे पडले. मशीनवर बसल्या बसल्या व्यायाम केला, दोन महिन्यांनी फरक कळला, आता जोराचा खोकला लागला तरच कधीतरी होतं.

सगळ्यांना हाच व्यायाम चालतो असं मात्र नाही. काहींचे स्नायू उलट घट्ट झालेले असतात, संबंधाच्या वेळी दुखतं, त्यांना आधी सैल सोडायला शिकवतात, आवळून त्रास वाढतो. लघवीत रक्त, जळजळ असेल तर आधी डॉक्टरच. आणि एक म्हातारी आजी मला म्हणाली होती, अंग बाहेर येस माय, कोनले सांगू. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भपिशवी खाली सरकणं, ते सुरुवातीचं असेल तर व्यायामाने फरक पडतो, जास्त असेल तर आतून बसवायची रिंग असते, ऑपरेशन असतं, पण आधी कोणाला सांगितलं तर ना.

हे काही कालचं फॅड पण नाही. आर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली हा व्यायाम छापून मांडला, अजून त्यांच्याच नावाने चालतो. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर बायकांना याची सेशन सरकारी विम्यातून मिळतात. आणि आपल्याकडे सव्वा महिना झाला की शेक-शेगडी आटोपली, बाई लागली कामाला.

माझी बहीण सुरतला होती म्हणून जमलं, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाईने कुठं जायचं? मला नवीन दवाखाना नकोय, आहे त्यातच होईल. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका तपासणीला जमतातच, नंबर लागेपर्यंत ताटकळतात, तेवढ्यात कोणीतरी पंधरा मिनिटं हा व्यायाम शिकवावा. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्या शेवटच्या भेटीत एवढंच विचारावं, ताई, शिंकताना लघवी होते का? मला दोन्ही बाळंतपणांत हे कोणी विचारलं नाही. जी हो म्हणेल तिला चिठ्ठी द्यायची, आणि धुळे-जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आठवड्यातून एक दिवस तरी याची वेगळी ओपीडी असावी, तपासायला बाईच असावी.

कृपया माझं नाव छापू नका. माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायकांना वाटेल की ही आपलं सगळं पेपरात देते.

आपली,
एक वाचक, ता. अमळनेर