मत्स्यबीजाची जनुकीय तपासणी करा

महोदय,

हतनूर, गिरणासारख्या धरणांत कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडतात. बीज केंद्रात या जाती एकाच हौदात प्रजननाला ठेवल्या तर संकर होतो. कटला-रोहूचा संकर तर प्रजननक्षम असतो, म्हणजे भेसळ पिढ्यान्‌पिढ्या उतरते. बोटाएवढ्या पिल्लात ती ओळखणे मुरलेल्या भोई बांधवांनाही अवघड, आणि नुकसान मात्र त्यांचेच!

पेशीकेंद्रातील डीएनएच्या खुणांवरून दोन्ही पालक कळतात. (नुसता मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए तपासून भागत नाही, तो आईकडूनच येतो.) पराचा छोटा तुकडा पुरतो, मासा मरत नाही. लखनौला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. मत्स्यव्यवसाय विभागाने त्यांच्या मदतीने खान्देशातील प्रजनक मासे पावसाळ्याआधी तपासून घ्यावेत.

– एक वाचक, भुसावळ